मंदाकाकूंचं दोन टोकांचं इटालियन

मंदाकाकूंना इटालियनमध्ये 'पाणी' म्हणता येत नव्हतं. 'भात', 'दरवाजा', 'किती वाजले', 'स्टेशन कुठे आहे' यातलं काहीही येत नव्हतं. इटलीत कोणी त्यांना एकटं सोडलं असतं तर दोन दिवसांत त्या उपाशी पडल्या असत्या. पण उपाशी पडता पडता शेजारच्या माणसाला 'माझ्या ताऱ्या', 'माझ्या खजिन्या', 'तू नाहीस तर मला उणं उणं वाटतं' हे त्यांनी अगदी स्वच्छ उच्चारात सांगितलं असतं, आणि माझी खात्री आहे, त्यावर कोणीतरी त्यांना जेवायला घातलंच असतं.

स्नेहलतागंजमध्ये, स्टेशनकडून येताना डाव्या हाताला, त्यांचा एस.टी.डी.चा बूथ होता. पिवळी पाटी, काचेची एक केबिन, आत लाल आकड्यांचं मीटर, बाहेर काउंटर आणि गिऱ्हाइकांसाठी एक लांब बाक. ती वर्षंच तशी होती. इंदूरमध्ये एकेक गिरणी बंद होत होती आणि गल्लोगल्ली पिवळे बूथ उघडत होते. काकूंच्या बाबतीत तर एका दाराला कुलूप लागलं आणि दुसरं त्यांनी स्वतःच उघडलं. गिरणीच्या टेलिफोन बोर्डावर त्या वीस वर्षं ऑपरेटर होत्या. गिरणी गेली, तेव्हा त्यांना फोनशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं.

मी तेव्हा कॉलेजात होते. मी कोणाशी बोलत नाही, म्हणून आईने मला संध्याकाळी आणि रविवारी सकाळी त्यांच्या मदतीला बसवलं. "इंग्रजी शाळेत घातली, तर हिला आता कोणत्याच भाषेत बोलता येईना," असं आई त्यांना माझ्यासमोरच म्हणाली. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"राहू द्या हो. बोलणारे ढीगभर आहेत. ऐकणारं माणूस मिळत नाही."

पन्नाशीच्या आसपासच्या, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू. डावा कान उजव्यापेक्षा जरा पुढे आल्यासारखा दिसे, की मलाच तसं वाटे, कोण जाणे. फोन वाजला की त्या 'हॅलो' म्हणत नसत. 'प्रोन्तो!' म्हणत. स्टेशनवरच्या रिक्षावाल्यांना बूथचं खरं नाव माहीत नव्हतं. "वो पिरंतो वाली मैडम के पास छोड़ दूँ?" असं ते गिऱ्हाइकांना विचारत. प्रत्येक गिऱ्हाईक गेलं की त्या कापसाचा बोळा गुलाबपाण्यात बुडवून रिसीव्हरचं तोंड पुसत. मी पहिल्याच दिवशी विचारलं नाही, पण माझ्याकडे पाहून त्यांनी उत्तर दिलं, "इथून शब्द जातात गं. उष्टे नको."

त्यांचं इटालियन गिरणीतलं होतं. गिरणीत एकदा इटलीहून नवे माग आले होते. ते बसवायला तिकडचा एक मेकॅनिक आला, बेप्पे नावाचा. कामगार त्याला इंदुरी थाटात बेप्पेभिया, म्हणजे बेप्पेभैया, म्हणत. अकरा महिने तो गिरणीच्या गेस्ट हाउसमध्ये राहिला. दर शनिवारी तो घरी ट्रंक कॉल बुक करायचा आणि लाइन लागेपर्यंत चार-चार तास काकूंच्या बोर्डाशेजारी स्टुलावर बसून राहायचा. काकू त्याला आपल्या डब्यातलं खायला देत. मग केव्हातरी लाइन लागे. आधी आईशी, मग बायकोशी, मग पाच वर्षांच्या मुलीशी.

"तुम्ही त्याचं सगळं बोलणं ऐकायचात?" हे मी विचारलं, बऱ्याच महिन्यांनी.

काकू एकदम ताठ झाल्या. "छे! कॉर्ड लावली की कान काढायचा, ही आमची इमानदारी. पण सुरुवात ऐकावीच लागते, आवाज नीट येतोय का बघायला. आणि शेवट ऐकावाच लागतो, लाइन सोडायला. मधलं त्यांचं. टोकं माझी."

त्यामुळे त्यांच्या इटालियनला मधला भाग नव्हता. माणसं भेटताना आणि निरोप घेताना जे बोलतात, तेवढंच त्यांना येत होतं. आणि बेप्पे ज्या घरातला होता, तिथे या दोन्ही वेळी माणसं एकमेकांवर प्रेमाचा वर्षाव करत असत. काकू ते शब्द कॉलच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर देवनागरीत लिहून ठेवत आणि पुढच्या शनिवारी बेप्पेला अर्थ विचारत. त्याला हिंदी येत नव्हतं, इंग्रजी दोघांचंही तोडकंमोडकं. मग तो हातवारे करी. मुलीला तो फोनवर 'पतातीना' म्हणायचा. म्हणजे काय, असं विचारल्यावर त्याने काकूंच्या डब्यातली बटाट्याची एक फोड उचलली, खिशातल्या फोटोतल्या मुलीच्या गालाशी धरली आणि त्याचे डोळे भरून आले.

"पोरीला आलू म्हणतो आणि रडतो," काकू सांगत. "मी म्हटलं, वा भिया, काय माणसं आहेत!"

पुढे त्या मलाही पतातीना म्हणू लागल्या. मी तेव्हा जरा गोल होते, त्यामुळे मला ते फारसं आवडलं नव्हतं.

त्यांना बेप्पेकडून एक फरक मात्र नीट कळला होता आणि तो त्या सगळ्यांना समजावून सांगत. बायकोला तो 'ती आमो', म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे, असं म्हणायचा. ते फक्त तिच्यासाठी. पण आईला, मुलीला, आणि एकदा तर धाकट्या भावालाही तो 'ती वोल्यो बेने' म्हणाला होता. "आता याचा अर्थ काय? मी शब्द-शब्द सुटे करून त्याला विचारले. तर निघालं, मी तुझं भलं चाहतो. म्हणजे हितचिंतक! आपल्याकडे हितचिंतक कोण असतो? वर्गणी मागायला आलेला, नाहीतर निनावी पत्र लिहिणारा. आणि तिकडे पोरगा आईला दर शनिवारी सांगतो, की मी तुझा हितचिंतक आहे, आणि ती म्हातारी तिकडे नुसती विरघळते."

शेवटी निरोपाचं 'चाओ' यायचं. एक नाही, सात-आठ. प्रत्येक आधीच्यापेक्षा हळू, कोणी जिना उतरत लांब जावं तसं. काकू ते करून दाखवत तेव्हा बाकावरची गिऱ्हाइकं बोलायची थांबत.

याच्याशेजारी आपल्या लोकांचे फोन ठेवून बघा. "हां, बोल." "काय नाही, सहज." "बाकी?" "बाकी सब ठीक." "चल मग, ठेवतो." रोज शंभर वेळा हेच. काकू म्हणत, "आपल्याकडे प्रेम नाही असं नाही. आपण ते 'गाढवा', 'मेल्या', 'जेवलास का' यात गुंडाळून पाठवतो. घरी ते चालतं. समोरचा तोंड बघतो. फोनमध्ये तोंड कुठे दिसतं? तिथे उघडूनच ठेवायला लागतं." त्यामुळे गिऱ्हाईक 'ठेवतो'पर्यंत आलं, की त्या पेनाने केबिनच्या काचेवर टकटक करत. आतला माणूस दचकून वळे. काकू ओठांवर बोट ठेवून मग ते हवेत पुढे करत. याचा अर्थ, एक गोड शब्द बोलल्याशिवाय खाली ठेवायचा नाही. काही लोक चिडत. काही बूथ बदलत. पण बहुतेक परत येत.

यांतले एक देव सर. गणिताचे निवृत्त शिक्षक, हातात कायम छत्री. त्यांचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत ह्यूस्टनला. दर रविवारी सकाळी साडेनऊला सर केबिनमध्ये शिरत आणि विचारत, "तिकडे किती वाजले?" मग इकडे किती वाजले ते सांगत. मग दोन्हीकडचं तापमान. मग ठेवतो.

"सर," काकू एकदा म्हणाल्या, "सात समुद्रांपलीकडे तुम्ही घड्याळ लावायला फोन करता का?"

"बाई, आम्ही मुलाशी कधी तसं बोललो नाही. आता एकदम सुरू केलं तर त्याला वाटेल मी मरतोय."

"मग मराठीत नका बोलू. इटालियनमध्ये बोला. त्याला कळणार नाही, आणि तुमच्याकडून बोलल्यासारखं होईल."

गणिताच्या माणसाला हा युक्तिवाद पटला. पुढच्या रविवारी त्यांनी तळहातावर बॉलपेनने 'ती वोल्यो बेने' लिहून घेतलं आणि तापमान संपल्यावर ते खड्या आवाजात, वर्गात प्रमेय वाचावं तसं, वाचून दाखवलं. सरांनी घाईघाईने फोन ठेवला आणि कपाळ पुसत बाहेर आले.

दुपारी त्यांच्या घरी डॉक्टर आले, ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन. मुलाने शेजाऱ्यांकडे फोन केला होता. बाबा काहीतरी असंबद्ध बोलताहेत, जीभ जड झाल्यासारखी वाटली, ताबडतोब बघा. सरांनी डॉक्टरांना तळहात दाखवला, तेव्हा डॉक्टरांची शंका आणखी वाढली.

काकू आठवडाभर अपराधी चेहऱ्याने वावरत होत्या. पण रविवारी सर आले. नेहमीसारखे केबिनमध्ये गेले. किती वाजले, ते झालं. मग ते ऐकत राहिले, बराच वेळ. मग त्यांनी केबिनचं दार किंचित उघडलं, रिसीव्हरवर हात ठेवला आणि कुजबुजले, "बाई, त्याने ऑफिसातल्या कोणा इटालियनला अर्थ विचारला म्हणे. आता तो तेच मला म्हणतोय. यावर काय म्हणायचं असतं?"

"अंकियो," काकू म्हणाल्या. "म्हणजे मी पण."

सरांनी दार लावलं. काचेतून त्यांची फक्त पाठ दिसत होती. त्या दिवशी तापमान कोणी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट वर्षाची. तिचं लग्न होऊन तीन महिने झाले होते आणि नवरा पुण्याला एका कारखान्यात ट्रेनिंगला. ती फोन करायला यायची ती सासूबाईंबरोबर. सासूबाई केबिनच्या दारात पाय अडकवून उभ्या राहत, दार लागू नये म्हणून. बिचारी वर्षा नवऱ्याला विचारायची, "पाणी येतं का तिकडे?" काकूंना हे बघवेना. त्यांनी एका चिठ्ठीवर दोन शब्द अर्थासकट लिहून तिच्या हातात दिले. वर्षाने ते पत्रातून नवऱ्याला कळवले. त्यानंतर पाण्याच्या चौकशीनंतर वर्षा खाली बघून म्हणू लागली, "मी मान्की." तू नसलास की उणं वाटतं, असा त्याचा अर्थ.

सासूबाईंनी काउंटरवर येऊन जाब विचारला. "हे काय बोलते ती?"

"कंपनीचं आहे," काकू मीटरकडे बघत म्हणाल्या. "टेक्निकल शब्द. ट्रेनिंग चालू आहे ना त्यांचं."

सासूबाईंनी मान डोलावली. दोन-तीन महिन्यांनी त्या एकट्याच आल्या, देवासला थोरल्या बहिणीला फोन करायला. बहिणीचं ऑपरेशन झालं होतं. बोलणं झालं, 'ठेवते' झालं, पण फोन काही ठेवेनात. मग केबिनच्या कोपऱ्यात तोंड वळवून, पदराआड रिसीव्हर धरून त्या हळूच म्हणाल्या, "मी मान्की, आक्का. मी मान्की."

बाहेर येऊन त्यांनी काकूंकडे बघितलं नाही. जाताना फक्त म्हणाल्या, "टेक्निकल असलं तरी बोलायला बरं वाटतं."

आता काकांविषयी सांगायला हवं, कारण बाकावर ते रोज बसलेले असत आणि त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष जात नसे.

काका त्याच गिरणीत मागांवर जॉबर होते. वीस-बावीस माग त्यांच्या देखरेखीखाली. तीस वर्षं त्या आवाजात काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, जवळजवळ नाहीच. गिरणी बंद झाल्यावर ते छत्रीबागेतल्या घरून काकूंबरोबर सकाळी निघत, ड्यूटीवर आल्यासारखे नऊला बाकाच्या टोकाला बसत आणि सहाला उठत. समोर पेपर, पण पान उलटल्याचं मी क्वचितच पाहिलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू त्यांच्याशी बोलत त्या मोठ्या आवाजात आणि फक्त कामाचं. "चहा घेता का?" "छत्री आणलीत?" ते मान हलवत.

देव सरांनी एकदा थट्टेत विचारलं, "बाई, सगळ्या इंदूरला शिकवलंत. या गृहस्थांना कधी म्हणालात का?"

"यांना?" काकू हसल्या. "आमच्या वेळी असं कुठे होतं? आणि यांना ऐकू येतं का?"

ते हसणं खरं नव्हतं. सर गेल्यावर त्या बोळ्याने तो आधीच पुसलेला रिसीव्हर पुन्हा पुसत बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गिरणीला शेवटचं कुलूप लागलं ना, त्या दिवशी हे डबा तसाच भरलेला घेऊन घरी आले. मी ठरवलं होतं, आज म्हणायचं. सगळे शब्द तोंडात तयार होते. आणि म्हणाले काय? चहा ठेवू का?"

मी माझ्या वडिलांना फोनवर 'ओके, बाय' म्हणत असे, तेही ते आधी म्हणाले तर.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, पावसाळ्यात, काकांना पत्र आलं. त्यांचा गिरणीतला एक जुना सोबती इचलकरंजीला गेला होता. तिथे एका मालकाने नवे माग घेतले होते, जाणकार माणूस हवा होता. काका पत्र आल्यावर तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जातो." काकू 'नका जाऊ' म्हणाल्या नाहीत. माणसाला काम नसलं की तो कसा आत आत जातो, हे त्यांनी दोन-अडीच वर्षं बघितलं होतं. पण निघायच्या आदल्या दिवशी काका त्यांना जे म्हणाले, ते त्यांना लागलं. "आता घर तुझ्या बूथवर चालतं. इथे माझा काय उपयोग?"

"समजलीस?" काकू मला म्हणाल्या. "हा माणूस कामासाठी नाही चालला. आपण इथे कोणाला नको आहोत, असं समजून चाललाय. असा गेलेला माणूस परत येत नाही गं. पैसे पाठवतो, पत्र पाठवतो, पण येत नाही."

"मग सांगा ना त्यांना," मी म्हणाले. दोन वर्षांत मी त्यांना दिलेला हा एकमेव सल्ला.

"सांगते. फोनवर सांगते. समोरासमोर मला नाही जमायचं."

काका गेले. रविवारी सकाळी तिथल्या बूथवरून त्यांनी फोन करायचा असं ठरलं होतं. पहिल्या रविवारी दहाला फोन वाजला. काकूंनी पदर सारखा केला, केबिनमध्ये जाऊन फोन घेतला आणि 'प्रोन्तो'ऐवजी म्हणाल्या, "हं, बोला."

"पोचलो," काका म्हणाले. ते आम्हाला सगळ्यांना बाहेर ऐकू आलं, कारण स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे काका पूर्ण ताकदीने ओरडत होते.

"जेवण?" काकूंनी नेहमीसारखं मोठ्याने विचारलं.

"खानावळ आहे."

"बनियन वाळत घालता ना?"

"हो. ठेवतो."

संपलं. काकू बाहेर आल्या. बाकावर सर होते, वर्षाच्या सासूबाई होत्या. जिने अख्ख्या बाजाराला बोलतं केलं, तिचा फोन बनियनवर संपला होता. दुसऱ्या रविवारी खानावळीतली भाजी. तिसऱ्या रविवारी बनियन पुन्हा. चौथ्या रविवारी काका म्हणाले, "दिवाळीला रजा मिळेल असं वाटत नाही." काकू म्हणाल्या, "बरं." बाहेर आल्यावर त्यांनी मला पाणी मागितलं आणि ग्लास हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

पाचव्या रविवारी फोन वाजला तेव्हा बूथमध्ये नेहमीचीच माणसं होती. खानावळ झाली. हवा झाली. "चल, ठेवतो," काका ओरडले. तेवढ्यात देव सर बाकावरून उठले, पुढे गेले आणि छत्रीच्या मुठीने त्यांनी काचेवर टकटक केलं.

काकू दचकून वळल्या. सरांनी ओठांवर बोट ठेवून ते हवेत पुढे केलं. ते इतके गंभीर होते, की हसावं की काय करावं ते मला कळेना. काकूंनी त्यांच्याकडे रागाने बघितलं. मग माझ्याकडे. मग डोळे मिटून रिसीव्हरमध्ये म्हणाल्या, "ती आमो."

"काय?"

"ती आमो!"

"काही ऐकू येत नाही! मोठ्याने बोल!"

"ती आमो!" आता ते रस्त्यावरही गेलं असेल.

"हे कसलं बोलणं? मराठीत सांग!"

मीटरचे लाल आकडे विझलेले होते, कारण फोन तिकडून आला होता. फक्त वरचा लहानसा पंखा फिरत होता. काकूंना आता इटालियनचा आडोसा राहिला नव्हता. "अहो, म्हणजे..." त्या म्हणाल्या. "म्हणजे तुमचं हित..."

"काय?"

मग त्यांनी पायाने केबिनचं दार ढकलून उघडलं, जणू आत हवा पुरत नव्हती, आणि जुन्या काळी खराब ट्रंक लाइनवर ओरडत असतील तशा बेंबीच्या देठापासून ओरडल्या, "मला तुमच्याशिवाय करमत नाही! ऐकलंत का? करमत नाही मला!"

समोरच्या पानवाल्याचा चुन्याचा हात थांबला. एक रिक्षावाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "क्या हो गया भिया मैडम को?" वर्षाच्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. सर छताकडे बघत होते.

फोनमध्ये काहीच आवाज नव्हता. इतका वेळ, की मला वाटलं लाइन गेली. काकूंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी सवयीने फोनचं बटण दाबायला बोट नेलं. तेवढ्यात काकांचा आवाज आला. पहिल्यांदाच तो ओरडण्याचा नव्हता, त्यामुळे आम्हाला पुढे वाकावं लागलं.

"मग ये की इकडे."

आणि थोडं थांबून, "दोन माणसांची खोली बघतो."

काकू केबिनबाहेर आल्या. चेहरा लाल झाला होता, कुंकू घामाने पसरलं होतं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी काउंटरवरचं रजिस्टर उगाच सरळ केलं आणि विचारलं, "पुढचा नंबर कोणाचा?"

दिवाळी झाल्यावर त्यांनी बूथ विकला. आता तिथे झेरॉक्सचं दुकान आहे. "इचलकरंजीला पण फोन असतीलच ना," त्या म्हणाल्या. "आणि तिकडे सगळे मराठीच. त्यांना तर जास्तच गरज." आई म्हणाली, चालता धंदा असा कोणी सोडतं का.

काका त्यांना न्यायला आले. मी त्यांना बसस्टँडवर पोचवायला गेले होते. दुपारची वेळ, बस खच्चून भरलेली. काकूंना तिसऱ्या खिडकीशी जागा मिळाली. काका खाली उभे राहून ट्रंक टपावर चढवून घेत होते. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, शेजारच्या दोन बसचे हॉर्न, फेरीवाले, कंडक्टरांच्या आरोळ्या. मी खिडकीखाली उभी राहून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, तो मलाच ऐकू आला नाही.

तेव्हा काकांनी हात वर केला. दोन बोटं वळवली, तळवा उलटा केला, मनगटावर टिचकी मारली, मग कपाळाजवळ हाताची सावली धरली. काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तितक्याच भराभर काहीतरी उत्तर दिलं. काकांनी मान हलवून पुन्हा काहीतरी केलं. काकूंनी त्यांच्याकडे बोट रोखलं.

मी बघतच राहिले. आवाज जरा कमी झाल्यावर मी विचारलं, "हे काय?"

"हे होय? मागखात्यात बोललेलं ऐकू येत नाही ना, मग तिथली सगळी माणसं हातांनीच बोलतात. माझा बोर्ड खात्याला लागून होता. जॉबरला फोनवर बोलवायचं तर ओरडून काय उपयोग? मग मी पण शिकले. वीस वर्षं आम्ही असंच बोललो." त्या खिडकीतून वाकल्या. "गिरणी बंद झाली त्या दिवशी यांचे हात पण बंद झाले. बिल्कुल बंद. परवा स्टेशनवर उतरले आणि तिथूनच सुरू. हमालाला पण कळेना काय चाललंय."

"आता काय म्हणताहेत?"

"म्हणताहेत, ऊन याच बाजूला येईल, ऊठ आणि पलीकडे बस. मी म्हटलं, पलीकडे बाई लेकरू घेऊन बसलीये, तिला कशी उठवू, मी रुमाल बांधीन. तर म्हणतात, तुझं डोकं दुखतं मग."

"यात गोड शब्द आहेत का काही?"

काकूंनी क्षणभर विचार केला. "नाही बाई. गिरणीत कोणाला लागतात? पण भांडता मस्त येतं."

कंडक्टरने घंटी दिली. काका धावत दाराशी गेले आणि पायरीवर चढले, पण आत वाटेत माणसं आणि बोचकी इतकी होती, की ते तिथेच दारात अडकले. बस हलली. मी हात हलवत चार पावलं बरोबर गेले, पण काकूंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. बस फाटकातून बाहेर पडून चौकात वळेपर्यंत दोन हात बाहेर दिसत होते, एक दारातून आणि एक तिसऱ्या खिडकीतून, आणि उन्हाचं भांडण अजून मिटलेलं नव्हतं.